फाउलिंग मार्क

हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला येणारी गाडी रायपूर सोडते आणि दुर्ग गाठेपर्यंत कुम्हारी, देवबलोदा-चरोदा, भिलाई, पॉवर हाऊस, भिलाई नगर अशी लहान लहान स्थानके मागे टाकत जाते. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या चरोद्याला थांबत नाहीत. तरी खिडकीशी बसलेल्या माणसाला चरोदा आल्याचे कळते, कारण बाहेरचे रूळ वाढू लागतात. दोनाचे चार होतात, चाराचे आठ, आणि मग मोजदाद सुटते. हे भिलाईचे मार्शलिंग यार्ड. रेल्वेतली माणसे त्याला 'बीएमवाय' म्हणतात. पोलाद कारखान्याच्या जोरावर वाढलेल्या या पट्ट्यातला माल वाहणाऱ्या गाड्यांचे रेक इथे जुळतात, तुटतात आणि मार्गाला लागतात. चरोद्याची रेल्वे कॉलनी, बाजार आणि पाळ्यांवर चालणारे घड्याळ हे सगळे या यार्डाभोवती उभे राहिले आहे.

यार्डातली एक लहानशी वस्तू या प्रकरणासाठी नीट पाहून ठेवायची आहे. दोन रूळ ज्या सांध्यापाशी एकत्र येतात, तिथून थोड्या अंतरावर, दोन्ही रुळांच्या मधल्या खडीत एक आडवी खूण पुरलेली असते. तिला पांढरा रंग दिलेला असतो. तिचे नाव फाउलिंग मार्क. वॅगन या खुणेच्या आत उभी असेल तर शेजारच्या रुळावरून गाडी बिनधोक निघून जाते. वॅगनचे टोक खुणेच्या बाहेर हातभर जरी राहिले तरी शेजारून येणारी गाडी तिला घासणार, कदाचित उलटणारही. म्हणून रेक उभा केल्यावर शेवटची वॅगन खुणेच्या आत आली की नाही, हे पाहिल्याशिवाय शंटिंग पुरे झाले असे कोणी म्हणत नाही.

या खुणेचे चार गुण लक्षात ठेवावेत. ती आधीपासून पुरलेली असते. अपघात झाल्यावर कोणी ती आणून टाकत नाही. ती सर्वांना दिसते. तिची जागा मोजमापाने ठरते, स्टेशन मास्तरच्या मर्जीने नाही: दोन गाड्या जिथे खरोखर एकमेकींना भिडतील, तिथेच ती असते. आणि वॅगनमध्ये कोळसा आहे की पोलाद, हे ती विचारत नाही.

माणसाच्या हक्काला, आणि त्यातही बोलण्याच्या हक्काला, हद्द असावी का, हा प्रश्न फारसा अवघड नाही. हद्द हवीच. एकाच यार्डात अनेक गाड्या चालायच्या असतील तर खूण लागते. ती कोणी, कुठे आणि कधी पुरायची, यावर मात्र या देशात दीडशे वर्षे भांडण चालू आहे. या भांडणातली बरीच पाने भिलाई, रायपूर आणि नागपूरच्या याच लोहमार्गावर लिहिली गेली आहेत.

घटनेने घातलेल्या खुणा

भारतीय राज्यघटनेचे १९ वे कलम नागरिकाला बोलण्याचे, शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे, संघटना बांधण्याचे, देशात कुठेही फिरण्याचे व राहण्याचे आणि कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य देते. त्याच कलमाची पुढची उपकलमे सांगतात की, या स्वातंत्र्यांवर सरकार कायद्याने 'वाजवी निर्बंध' घालू शकते. बोलण्यावरच्या निर्बंधांची कारणे तिथे मोजून दिली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. एवढीच. या यादीत न बसणारे कारण पुढे करून बोलण्यावर बंदी घालता येत नाही. 'सरकारवर टीका' या यादीत नाही. 'कोणाला तरी वाईट वाटले' हेही नाही.

ही यादी एका दमात तयार झालेली नाही. घटना समितीपुढच्या मसुद्यात 'राजद्रोह' हा शब्द होता. डिसेंबर १९४८ मधल्या चर्चेत कन्हैयालाल मुन्शींनी तो काढण्याची सूचना आणली आणि तो गेला. 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे शब्द सुरुवातीला नव्हते. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोमेश थापर यांच्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकावरची मद्रास सरकारची बंदी याच कारणाने उठवली. पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि हे शब्द आले. सरकारच्या हातात नवे कारण आले खरे, पण त्याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्याच्या उपकलमात 'वाजवी' हा शब्दही घातला. निर्बंध वाजवी आहे की नाही हे तपासायला न्यायालयाला दार उघडे झाले, ते या एका शब्दाने.

रुळांवर बसलेली माणसे

चरोद्यापासून दुर्गच्या दिशेने काही किलोमीटरवर पॉवर हाऊस स्टेशन आहे. १ जुलै १९९२ रोजी तिथल्या रुळांवर छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे हजारो कामगार बायकामुलांसह येऊन बसले. भिलाईच्या खासगी कारखान्यांतून काढून टाकलेल्यांना परत घ्या, जगण्यापुरती मजुरी द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. त्यांचा नेता शंकर गुहा नियोगी याला २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतल्या घरात झोपेत गोळी घालून मारले होते. सभा, मोर्चे, निवेदने, राष्ट्रपतींची भेट असे सगळे करून झाले होते. मग ते रुळांवर बसले. संध्याकाळी पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधराहून अधिक माणसे गेली. त्या ठिकाणी दर वर्षी १ जुलैला आजही माणसे जमतात.

या घटनेकडे हक्काच्या मोजपट्टीने पाहायचे तर दोन गोष्टी एकदम बोलाव्या लागतात आणि त्यातली एकही गिळून चालत नाही. पहिली ही की रुळावर बसणे हे बोलण्याच्या हद्दीपलीकडचे आहे. मुख्य मार्ग अडला की आजारी माणूस, परीक्षेला निघालेले पोर, दूधवाला, सगळ्यांचा फिरण्याचा हक्क अडतो. रेल्वे कायदा, १९८९ चे कलम १७४ गाडी अडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. कामगारांच्या मागण्या शंभर टक्के रास्त असल्या तरी ते बसले होते ती जागा खुणेपलीकडची होती.

दुसरी गोष्ट अशी की खूण ओलांडणाऱ्याचे बाकीचे हक्क त्या क्षणी संपत नाहीत. कायद्याने सांगितलेली शिक्षा दोन वर्षांची आहे, बंदुकीची गोळी नव्हे. निर्बंधाइतकाच निर्बंधाचा उपायही वाजवी असावा लागतो. आणखीही एक हिशेब मांडायला हवा. ज्या गावात सभेचे, संघटनेचे, वाटाघाटीचे रूळ आधीच बंद केलेले असतात, तिथे माणसे शेवटी लोखंडाच्या रुळांवर येऊन बसतात. बोलण्याची जागा राखणे म्हणजे रस्ते मोकळे राखण्याचीच तजवीज आहे.

रेल्वेच्या जागेत कामगाराने किती बोलावे, हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 'रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग' या १९६९ च्या खटल्यात उत्तर रेल्वेतल्या एका संघटना-कार्यकर्त्याने रेल्वेच्या आवारात सभा घेतल्याचा मुद्दा होता. न्यायालयाने सांगितले की बोलण्याचा हक्क आहे म्हणून तो वाटेल त्या जागी बजावता येईल असे नाही. दुसऱ्याच्या ताब्यातल्या मालमत्तेत मालकाचा शब्द चालतो. पण बोलायला सार्वजनिक जागाच उरली नाही तर? त्यावर १९७२ मध्ये अहमदाबादच्या हिंमतलाल शहा खटल्यात उत्तर मिळाले. रस्त्यावरच्या सभेची वेळ, जागा, पद्धत प्रशासनाने ठरवावी, पण मनाला येईल तशी परवानगी नाकारण्याचा अमर्याद अधिकार त्याला देता येणार नाही. हे दोन निकाल एकत्र वाचले की चरोद्याच्या रेल्वे कामगाराला हद्द कळते. शेडच्या आत घोषणा नको, शेडबाहेरच्या चौकात सभा हवी, आणि ती घेऊ देणे हे सरकारचे कर्तव्य.

चार खटले, एक टिळक. आणि एक सप्रे

टिळकांवर राजद्रोहाचे खटले झाले हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याआधी १८८२ मध्ये त्यांना आणि आगरकरांना झालेली शिक्षा मात्र वेगळ्या जातीची होती, आणि तो फरक समजून घेण्यासारखा आहे. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना दिवाण माधवराव बर्वे छळतात, असे 'केसरी' आणि 'मराठा'ने काही पत्रांच्या आधारे छापले. ती पत्रे बनावट निघाली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांना चार महिन्यांची कैद झाली आणि १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतू स्वच्छ होता, दोघेही मोठे होते, तरी एका जिवंत माणसाच्या नावावर खोटा आरोप छापला गेला होता. कैदेची शिक्षा जास्त होती असे म्हणता येईल, पण हद्दीची खूण योग्य जागी होती. तिथे एका माणसाचे नुकसान खरोखर झाले होते.

१८९७ चा खटला पाहा. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितले की सरकारविषयी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा झाला. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा हिंदी ज्युरींनी निर्दोष, आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरून सहा वर्षे मंडाले. या खुणेची जागा कोणत्या मापाने ठरली होती? ती सरकारच्या मनात होती. अग्रलेख लिहिणाऱ्याला ती लिहिताना दिसणे शक्य नव्हते.

मग १९१६ आले. बेळगाव आणि अहमदनगरच्या स्वराज्यावरच्या भाषणांबद्दल टिळकांकडून जामीन मागण्यात आला. बॅरिस्टर जिना त्यांच्या बाजूने उभे राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने ही मराठी भाषणे सुट्या वाक्यांत न तोडता समग्र वाचली आणि जामिनाचा हुकूम रद्द केला. राज्यकारभाराची पद्धत बदला म्हणणे आणि सरकारविरुद्ध द्वेष पेटवणे, यांत न्यायालयाने अंतर मानले. कलम तेच होते, वाचणारे डोळे बदलले.

याच काळाची छत्तीसगडकडची बाजू म्हणजे माधवराव सप्रे. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरियाला जन्मलेल्या या मराठी माणसाने जानेवारी १९०० मध्ये बिलासपूरकडच्या पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. रायपूरचे वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर हे त्यांचे साथी. हिंदी पत्रकारितेचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही हे नाव वगळता येत नाही. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरातून 'हिंदी केसरी' सुरू केला, म्हणजे टिळकांचा आवाज हिंदी मुलखात पोहोचवला. ऑगस्ट १९०८ मध्ये त्यांनाही राजद्रोहाच्या १२४-अ कलमाखाली पकडले. घरच्यांचा आग्रह मोडवला नाही, सप्रे यांनी माफीपत्रावर सही केली आणि सुटले. ती सही त्यांना आयुष्यभर टोचत राहिली. ते सार्वजनिक जीवनातून काही काळ बाजूला झाले आणि लेखन-अनुवादात बुडाले. 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत आणण्याचे काम त्यांच्याच हातून झाले.

सप्रे यांची माफी हा दुबळेपणा म्हणून मोजू नये. अस्पष्ट कायदा नेमका असाच काम करतो. तो एकाला मंडालेला पाठवतो आणि शंभरांना घरी बसवतो. तुरुंगात गेलेल्याची नोंद राहते. लिहायला घेतलेले पान फाडून टाकणाऱ्याची नोंद कुठेच राहत नाही.

नागपूर-रायपूरच्या विद्यार्थ्याने काढलेली वर्तुळे

शब्द आणि नुकसान यांच्यातले अंतर मोजायचे कसे, हे स्वतंत्र भारतात सर्वांत नेमके सांगितले ते मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. त्यांचे शालेय शिक्षण रायपूरच्या सरकारी हायस्कुलात आणि महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाल्यावर पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. रायपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे.

१९६५ मध्ये राममनोहर लोहियांना बिहारमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. नियम सांगत होता की 'सार्वजनिक सुव्यवस्था' बिघडू नये म्हणून स्थानबद्ध करता येईल. जिल्हाधिकाऱ्याच्या हुकुमात मात्र 'कायदा व सुव्यवस्था' असे शब्द होते. दोन शब्दांचा फरक, आणि त्यावर लोहिया सुटले. हिदायतुल्लांनी समजावून सांगितले की तीन वर्तुळे एकात एक आहेत अशी कल्पना करा. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. दोन दारुडे रस्त्यात भांडले तर ते पहिल्या वर्तुळात. त्यांचा धर्म वेगळा असेल आणि त्यातला एक जातीय भावना भडकवू लागला तर दुसऱ्या वर्तुळाची भीती निर्माण होते. पण प्रत्येक भांडणाला राज्याचा धोका म्हणता येणार नाही. मोठ्या वर्तुळातल्या घटनेला लहान वर्तुळातली शिक्षा द्यायची नाही, एवढे कळले तरी निम्मे कायदे नीट वापरले जातील.

लोहियांनी त्याआधी आणखी एक निकाल देशाला मिळवून दिला होता. १९५४ मध्ये उत्तर प्रदेशात त्यांनी शेतकऱ्यांना वाढीव पाणीपट्टी भरू नका असे सांगितले. 'सरकारी देणे देऊ नका' असे सांगणे तिथे ब्रिटिशकालीन कायद्याने गुन्हा होता. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. बोलणे आणि अव्यवस्था यांचा संबंध जवळचा, थेट असावा लागतो. दूरवरचा, कल्पनेने जोडलेला चालत नाही. १९८९ च्या रंगराजन खटल्यात एका तमिळ चित्रपटाविषयी बोलताना न्यायालयाने हेच दारूच्या कोठारातल्या ठिणगीची उपमा देऊन सांगितले.

इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये दिलेले उदाहरण याच जातीचे आहे. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, असे वर्तमानपत्रात छापले तर ते मत. तेच वाक्य व्यापाऱ्याच्या दारात जमलेल्या खवळलेल्या जमावापुढे ओरडले तर ती चिथावणी. वाक्यातला एक शब्दही बदललेला नाही. बदलले ते अंतर.

दिसत नाहीत अशा खुणा

आता सर्वांत कठीण प्रसंगाकडे येऊ. छत्तीसगड आणि गडचिरोलीतला माओवादी हिंसाचार ही कोणाची कल्पना नव्हे. ऑक्टोबर २००९ मध्ये गडचिरोलीच्या लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले, एप्रिल २०१० मध्ये दंतेवाडा भागातल्या ताडमेटल्याला ७६ जवान. अशा हिंसेला पैसे, शस्त्रे, आसरा पुरवणाऱ्याला राज्याने पकडू नये असे कोणीही म्हणणार नाही. त्यासाठी छत्तीसगड विधानसभेने डिसेंबर २००५ मध्ये विशेष जनसुरक्षा कायदा मंजूर केला.

या कायद्यातली 'बेकायदेशीर कृत्या'ची व्याख्या फाउलिंग मार्कजवळ ठेवून वाचावी. सार्वजनिक सुव्यवस्था राखण्यात जे अडथळा आणते, किंवा अडथळा आणण्याकडे ज्याचा कल आहे, ते बेकायदेशीर. प्रस्थापित कायदा व संस्था यांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तशी शिकवण देणे, हेही बेकायदेशीर. बोललेला शब्द, लिहिलेला शब्द, खूण, चित्र, सगळे त्यात येते. 'कल' कशाने मोजायचा? मिठाचा कायदा मोडा म्हणणारे गांधी अवज्ञेचीच शिकवण देत होते. पाणीपट्टी भरू नका म्हणणारे लोहियाही.

डॉ. बिनायक सेन हे वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले बालरोगतज्ज्ञ. नियोगींच्या खाण कामगारांनी दल्ली राजहऱ्याला वर्गणीतून उभारलेल्या शहीद रुग्णालयात त्यांनी काम केले होते आणि पुढे ते छत्तीसगडमधल्या नागरी हक्क चळवळीचे पदाधिकारी झाले. १४ मे २००७ रोजी त्यांना बिलासपुरात अटक झाली. तुरुंगातल्या एका माओवादी नेत्याची पत्रे त्यांनी बाहेर पोहोचवली, असा आरोप होता. २४ डिसेंबर २०१० ला रायपूरच्या सत्र न्यायालयाने त्यांना राजद्रोहासाठी जन्मठेप दिली. कलम तेच १२४-अ, टिळकांचे आणि सप्रे यांचे. १५ एप्रिल २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. गांधींचे पुस्तक घरात सापडले म्हणून कोणी गांधीवादी होत नाही, या आशयाचे न्यायमूर्तींचे उद्गार तेव्हा गाजले. सहानुभूती, पुस्तक, ओळख आणि कृत्य, या चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत, ही साधी बाब दिल्लीला जाऊन सांगून घ्यावी लागली.

१९६२ मध्येच केदारनाथ सिंग खटल्यात न्यायालयाने राजद्रोहाची व्याप्ती हिंसेच्या चिथावणीपुरती किंवा अव्यवस्था माजवण्याच्या प्रवृत्तीपुरती आखून दिली होती. मे २०२२ मध्ये त्या कलमाखालची कारवाई थांबवण्यात आली आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली. नव्या न्याय संहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही, पण कलम १५२ देशाची सार्वभौमता, एकात्मता धोक्यात आणणाऱ्या शब्दांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगते. नाव बदलले म्हणून मोजमाप करण्याचे काम संपलेले नाही.

महाराष्ट्राला याची झळ वेगळ्या वाटेने बसली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने तो पसंत केला, आणि दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम 'त्रासदायक' संदेशालाही गुन्हा मानत होते. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. त्या निकालाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असे तीन टप्पे सांगितले. एखादे मत कितीही अप्रिय असो, त्याची चर्चा करता येते, त्याचा पुरस्कारही करता येतो. निर्बंधाची वेळ चिथावणीपाशी येते.

आणि आता छत्तीसगडचा तो कायदा आपल्या दारात आला आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले, संयुक्त समितीकडे गेले, बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या, काही बदल झाले आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. कडव्या डाव्या संघटनांपुरताच त्याचा वापर होईल, असे सरकारने सांगितले आहे. सल्लागार मंडळाची तरतूदही आहे. पण २०२४ च्या मूळ मसुद्यातली व्याख्या छत्तीसगडच्या व्याख्येशी मोठ्या प्रमाणात जुळते. 'कल' आणि 'अवज्ञेची शिकवण' हे शब्द तिथेही आहेत. माझे मत स्पष्ट आहे: हिंसेला मदत करणाऱ्यासाठी कायदा असावा, पण ज्या व्याख्येत मोर्चाची हाक देणारा मावतो ती खूण चुकीच्या जागी पुरली आहे. कायदा वापरणाऱ्याच्या चांगुलपणाची हमी ही कायद्यातली खूण होऊ शकत नाही. आजचा अधिकारी बदलतो, शब्द पुस्तकात राहतात.

दुसऱ्या रुळावरचा माणूस

सरकारवर बोट ठेवून हे प्रकरण संपवले तर ते अर्धे राहील. हक्क घासला जातो तो पुष्कळदा शेजाऱ्याकडूनच.

५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या इंग्रजी पुस्तकाचा राग होता आणि त्यांनी संस्थेतल्या लोकांचे आभार मानले होते. दुर्मीळ पोथ्या, ग्रंथ, वस्तू यांची नासधूस झाली. पुस्तकातला मजकूर चीड आणणारा होता, असे म्हणण्याचा सर्वांना पूर्ण हक्क होता. लेख लिहावा, प्रतिवाद करावा, निषेधाची सभा घ्यावी. कपाटे फोडणे मात्र खुणेपलीकडचे होते. पुस्तकावरची सरकारी बंदी पुढे न्यायालयात टिकली नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती रद्द होण्यावर शिक्कामोर्तब केले. रंगराजन निकालात न्यायालयाने आधीच बजावले होते की जमाव धमकावतो म्हणून बोलणाऱ्याचे तोंड बंद करणे हे राज्याचे काम नाही. बोलणाऱ्याला संरक्षण देणे हे त्याचे काम आहे. मोडतोड करणाऱ्याच्या हातात हद्द ठरवण्याचा अधिकार दिला, तर ज्याच्याकडे माणसे जास्त त्याचाच रूळ मोकळा राहील.

आणखी एक उदाहरण रोजचे आहे. चरोद्यासारख्या रेल्वेच्या गावात रात्रपाळी करून आलेला लोको पायलट किंवा पॉइंट्समन दिवसा झोपतो, आणि पहाटेच्या पाळीचा माणूस रात्री लवकर. गणपतीत, लग्नसराईत डीजे आणि धुमाळ वाद्यपथके दारापाशी येतात. भजन म्हणणे, गाणे वाजवणे, भाषण करणे हा हक्कच आहे. पण १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणालाही जबरदस्तीने ऐकवण्याचा हक्क कोणाला नाही. न ऐकण्याचाही हक्क असतो. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद सांगतात. या मर्यादेचा फाउलिंग मार्कशी मेळ पाहा. आकडा आधी जाहीर आहे, यंत्राने मोजता येतो, आणि भोंग्यातून आरती येते की अजान की उमेदवाराचे भाषण, हे तो विचारत नाही. म्हणून हा निर्बंध चांगला. झोप न झालेला पॉइंट्समन दुसऱ्या दिवशी सांध्यावर उभा असतो, हे चरोद्यात वेगळे सांगावे लागत नाही.

हक्काची हद्द म्हणजे हक्काचा शत्रू नाही. यार्डात खूण नसती तर प्रत्येक वॅगन भीतीपोटी सांध्यापासून मैलभर आत उभी करावी लागली असती आणि निम्मे रूळ वाया गेले असते. खूण नीट पुरलेली आहे म्हणून वॅगन तिच्यापर्यंत बिनघोर आणता येते. बोलण्याचेही तसेच आहे. हद्द स्पष्ट असेल तर माणूस तिच्यापर्यंत निर्भयपणे बोलतो. हद्द धूसर असेल तर तो तोंडच उघडत नाही, आणि सप्रे यांच्यासारखा संपादक लेखणी खाली ठेवतो.

म्हणून वाचकाला एक विनंती आहे. कुठल्याही नव्या निर्बंधाची बातमी वाचलीत तर तो कोणाविरुद्ध आहे हे नंतर पाहा. कायद्याची प्रत मिळवा. विधिमंडळाची विधेयके मराठीतही छापली जातात. शिक्षेचे कलम सगळ्यात शेवटी वाचा. आधी व्याख्यांचे कलम उघडा आणि तिथला एकेक शब्द पेन्सिलीने अधोरेखित करत जा. खूण तिथेच पुरलेली असते.